बाबांनी न मानलेलं सरकार

जपानमध्ये राहणाऱ्या आमच्या कोरियन घरात दक्षिण कोरियाच्या सरकारला मान्यता नव्हती. जपानने ती सात वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती, पण माझे बाबा जपानपेक्षा हट्टी. "देश एकच आहे. त्याचे दोन तुकडे करून एकावर शिक्का मारायला मी काय खाटीक आहे?" असं ते ओसाकातल्या आमच्या किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, दुकानात गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. खरं कारण काका होते. काका बायकापोरांना घेऊन बोटीने उत्तर कोरियात राहायला गेले होते. बाबांनी दक्षिणेच्या नागरिकत्वाचे कागद केले असते तर तिकडे काकांची धडगत नव्हती.

मग दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरून मामाचं पत्र आलं. आजी अंथरुणाला खिळली होती आणि सारखं लेकीचं नाव घेत होती. आईने कोबीला मीठ चोळता चोळता सांगून टाकलं, "मी कागद करणार. मला माझी आई बघायचीय."

"त्या सरकारचे?"

"आई त्यांच्या हद्दीत आहे. उत्तरेच्या हद्दीत असती तर उत्तरेचे केले असते."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा कोट चढवून दारात उभे राहिले. आईला लिहितावाचता येत नव्हतं. मी म्हटलं, मी जाते, मी लिहिते.

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," बाबा म्हणाले. "तिचं नाव मीच लिहिणार."

तिघेही गेलो. दक्षिण कोरियाच्या वकिलातीतला कारकून कोवळा आणि फार सभ्य होता, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना. त्याने विचारलं, "लग्न?"

"अठ्ठावीस वर्षं झाली," आई म्हणाली.

"आमच्या दप्तरी नोंद नाही, मावशी. आधी यजमानांनी स्वतःचं नाव आमच्याकडे नोंदवायला हवं. तोवर तुम्ही अविवाहित."

म्हणजे मी, चोवीस वर्षांची घोडी, त्यांच्या लेखी जन्मलेच नव्हते.

बाबांनी हात पुढे केला. "मलाही एक अर्ज द्या."

कारकुनाने दिला. आईने तो बाबांच्या हातातून काढून त्याला परत केला.

"तुझ्या गावात लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले.

"म्हणू देत. तिकडे उत्तरेत भावजींची पोरं लहान आहेत. लिहा तुम्ही."

अख्ख्या गल्लीची पत्रं लिहिणारा माझा बाप त्या एका शब्दाशी येऊन अडला. मला त्या क्षणी उत्तर, दक्षिण आणि जपान, तिन्ही सरकारांचा सारखाच संताप आला. शेवटी त्यांनी लिहिलं.

"वाचून दाखवा," आई म्हणाली.

"बू सुन-आ. अविवाहित."

"झालं तर मग. तिकडे कुणी मागणी घातली तर काय सांगू?"

"सांग, ओसाकात एक म्हातारा आहे. आधी त्याला विचारा."

एवढं बोलून बाबांनी तिचा हात धरला. घराबाहेर त्यांनी आईचा हात धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली. अंगठा उठवायला आईला तो हात सोडवून घ्यावा लागला.