बसलेली पोर

थंडीत मचव्यावरून कोणी पाण्यात पडला आणि निळे ओठ घेऊन वर आला, तर किहीमचे कोळी त्याला बसू देत नसत. दोघं जण बगलेत हात घालून त्याला वाळूत चालवत. बसला तो गेला, असं जुनी माणसं सांगायची. भागोजीने स्वतः अशी माणसं जगवली होती.

म्हणून त्याची तुळशी निळी पडली की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. सात वर्षांची पोर जरा धावली की ओठ जांभळे व्हायचे, आणि गुडघे छातीशी आवळून ती उकिडवी बसायची.

“ऊठ बाय, चाल! बसायचं न्हाय!”

“बाबा, बसलं की बरं वाटतंय.”

“कामाच्या वेळी सगल्यांनाच तसं वाटतं,” टोपली उचलत वेणूआत्या टोमणा मारायची.

एकदा चालवता चालवताच तुळशीची शुद्ध हरपली. भागोजीने तिला उचलून अलिबागला नेलं. डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

“भागोजी, खाडीचं तोंड गाळानं भरलं तर?”

“होड्या आत येत न्हाईत, डागतर.”

“हिच्या काळजातून फुफ्फुसांकडे जाणारी वाट जन्मापासून तशीच अरुंद आहे. रक्त तिकडे जाऊन ताजं व्हायचं, ते पुरतं जातच नाही.”

“मग गाळ काढा की.”

“तिथवर अजून कोणाचा हात पोचत नाही.” डॉक्टरांनी नळी गुंडाळली. “ती गुडघे आवळून बसते म्हणालास, त्यानं थोडं रक्त तिकडे वळतं; तेवढंच तिचं औषध. कोणी शिकवलं तिला?”

“कोनी न्हाय,” भागोजी खाली बघत म्हणाला. “मी तर उठवत व्हतो.”

त्यानंतर ती बसली की तोही शेजारी बसायचा.

“आता बापपण बसला!” वेणूआत्या म्हणाली.

“आत्ये, बाबाला पन दम लागलाय,” तुळशी म्हणाली. वेणूआत्या हसायला गेली आणि तिने पदर तोंडाला लावला.

यंदा दर्याला नारळ तुळशी देणार, असं भागोजीने कबूल केलं होतं. नारळी पुनवेला सोनेरी कागदाचा नारळ पोटाशी धरून ती निघाली आणि सुरूच्या झाडांपाशी बसली. भागोजीही बसला. वाजतगाजत माणसं पुढे गेली.

थोड्या वेळाने तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. नारळ घरंगळत वाळूत गेला. भागोजीने तिच्या नाकाशी बोटं धरली, आणि तशीच धरून ठेवली.

“भागोजी, चल रे! भरती लागली!” किनाऱ्यावरून हाका आल्या.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “पोर बसलीय.”