संत ओर्बानचा घाम

मठाच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. संत ओर्बानच्या दगडी थडग्याला घाम फुटला होता आणि तेओद्यूल नावाचा भटका बुवा त्यात फडकी भिजवून वाटत होता.

"संत तुमच्यासाठी राबताहेत, लेकरांनो. हा घाम अंगाला चोळा आणि औषधं नदीत सोडा."

आमच्या गावानं ती सोडली. गावातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत विज्ञान शिकवलंय, हे सांगायचीही लाज वाटते.

बेकरीवाल्या आर्मेलची बायको सोलांज फिटच्या गोळ्या घ्यायची. तिनं त्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत भट्टीसमोर तिला फिट आली आणि हात तापलेल्या लोखंडावर पडला. बुवा म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

हाताला मलमपट्टी डॉक्टर ब्लांदीन यांनी केली. मग त्यांनी पाद्रीबाबांना सांगून मठाच्या तळघराचं नदीकडचं दार बंद करवलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. रविवारी गर्दी जमली, तर थडगं कोरडं ठणठणीत.

"संत रुसले," तेओद्यूल म्हणाला. "कुणीतरी पाखंडी आलंय."

"मीच ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आर्मेलच्या तळघरातून आणलेली वाइनची गार बाटली त्यांनी पुसून थडग्यावर ठेवली आणि नदीकडचं दार सताड उघडलं. बाहेर वसंतातली उबदार, दमट हवा होती. ती आत शिरली. बघता बघता दगडावर थेंब जमले. बाटलीवरही जमले.

मासे विकणारी म्हातारी पेर्पेत पुढे झाली. "काय हो बुवा, ही बाटली कधी संत झाली?"

लोक हसले. बुवा सावरून म्हणाला, "कृपा बाटलीवरही उतरली."

"मग चल माझ्या बेकरीत," आर्मेल म्हणाला. "घाम चोळ आणि भट्टीवर हात ठेव. माझ्या बायकोचा पडला तसा."

बुवानं उघड्या दारातून काढता पाय घेतला. त्याला कुणी अडवलं नाही.

"दमट हवा गार वस्तूला लागली की हवेतलं पाणी तिच्यावर जमतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दार तो उघडायचा, नाव संताचं व्हायचं."

सोलांज आता गोळ्या घेते. तिची दोन बोटं मात्र वाकत नाहीत. पेर्पेतनं विचारलेला प्रश्न सोपा होता: गार बाटलीलाही घाम येतो, मग ती संत का नाही? तो पहिल्याच दिवशी कुणीही विचारू शकलं असतं. पुढचा बुवा येईल तेव्हा निदान असा एखादा साधा प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.