पान एकशे त्रेचाळीस

गुरुवारी सकाळी साडेअकराला यादव निकम दाताच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. मांडीवर बायकोची, मोहिनीची पर्स, पायाशी तिच्या चपला. आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली, "काका, लवकर आत या!" मोहिनी खुर्चीत होती, पण मान एका बाजूला कलली होती. शेजारच्या मेडिकलवाल्यानं आपली गाडी काढली, चौकापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वीस मिनिटं खटपट केली आणि बाहेर येऊन सांगितलं की, गेल्या. हार्ट अटॅक.

मग त्यांनी विचारलं, "जबडा कधीपासून दुखत होता?"

"रविवारपासून."

"जिना चढताना दम लागत होता?"

"हो."

"बायकांमध्ये पुष्कळदा असंच येतं. छातीत कळ येतच नाही. तुम्हाला कसं कळणार, काका."

यादवरावांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी ते वाचलं होतं, घरी, गॅलरीत बसून.

नाशिक रोडला त्यांच्या कॉलनीत एक वाचन मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक. तिथं कथा-कादंबरीला मज्जाव. शास्त्र, इतिहास, प्रवास, कुणाचे खरे अनुभव, एवढंच. एक पुस्तक चौघांत फिरायचं आणि चौघांचं वाचून झालं की त्यावर चौघं एकाच बैठकीत बोलायचे. नियम एकच, पण कडक. पुस्तकात काय आहे ते बैठकीआधी कुणी कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही. सांगितलं किंवा ऐकलं, तर पुढच्या बैठकीला सगळ्यांसाठी चिवडा आणायचा. मंडळ चालवणारी योगिनी शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, आधी बोललं की बैठकीत नुसती उजळणी होते.

या खेपेचं पुस्तक एका हृदयरोगतज्ज्ञानं लिहिलेलं होतं. ते साळूबाईंनी वाचलं, बहिरूआण्णांनी वाचलं, योगिनीनं वाचलं आणि शेवटी मोहिनीकडे आलं. ती दुपारी भांडी आवरली की वाचायची. यादवराव सकाळी, ती भाजी आणायला गेली की वाचायचे. तसे ते वाचणारे गृहस्थ नव्हते. तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम केलं, दोष हुडकून बाजूला काढण्याचा पगार घेतला. पण निवृत्तीनंतर वेळ जाईना आणि हे पुस्तक सोपं होतं. बघता बघता ते बायकोच्या साठ पानं पुढे गेले.

दिवस झाल्यावर मुलगी हर्षाली पुण्याला परत गेली, ती एकच गोष्ट मनात धरून. दाताच्या डॉक्टरणीनं गुरुवारची वेळ दिली, तोवर चार दिवस वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलं, दुसरं काही तपासलं नाही, म्हणून आई गेली. दहाव्याला ती तरुण डॉक्टरीण आली होती. फाटकाशी उभी राहून रडत होती. हर्षालीनं तिला आत येऊ दिलं नाही. "आता कशाला आलात? फी राहिली का?" असं सगळ्यांदेखत म्हणाली. यादवराव दोन पावलांवर होते. मग हर्षालीनं तक्रारीचा अर्ज तयार केला. बाबांची सही हवी होती, कारण चारही दिवस सोबत तेच होते.

महिन्याभरानं योगिनीचा फोन आला. "काका, मंडळाचं पुस्तक तुमच्याकडे आहे. घाई नाही हं, सहज म्हटलं."

"शनिवारी तिला बोलायचं होतं ना?"

"हो, पण आम्ही आता..."

"मी येतो. तिच्या जागी बोलतो."

शनिवारी हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. मोहिनीची खुर्ची कुठली ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते दाराजवळ बसले. सुरुवात बहिरूआण्णांनी केली. वीज मंडळातून निवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस.

"मी काय म्हणतो, पुस्तक एक नंबर. पन्नास पानं वाचली आणि मी तूप सोडलं."

"घरात सोडलं," साळूबाई म्हणाल्या. "परवा यांच्या भाच्याच्या लग्नात पुरणपोळीवर वाटी उपडी करत होते. मी डोळ्यांनी पाहिलं."

"साळूबाई, ती वाटी वरणाची होती."

"वरण कधीपासून थिजायला लागलं, आण्णा?"

सगळे हसले आणि दाराकडे बघून एकदम थांबले. यादवराव म्हणाले, "हसा की. ती असती तर हसलीच असती."

बहिरूआण्णांनी मग जरा हळू आवाजात, उघड्या हृदयावर पहिली शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांचे हात कसे थरथरले ते सांगितलं. साळूबाई नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, लिहिणारा खोटा धीर देत नाही, ते मला आवडलं. आमच्या वॉर्डातले डॉक्टर पेशंटशी असं बोलते तर किती बरं झालं असतं. योगिनी भाषेबद्दल बोलली. एकशे त्रेचाळीसाव्या पानाबद्दल कुणीच बोललं नाही. सगळे त्या पानाला वळसा घालून जात होते, हे यादवरावांना दिसत होतं.

त्यांची पाळी आली. त्यांनी पुस्तक उघडलं.

"मला बोलता येत नाही. मोहिनीच्या पेन्सिलच्या खुणा शहाऐंशीव्या पानापर्यंत आहेत. पुढचं तिनं वाचलं नाही. मी वाचलं होतं." त्यांनी चष्मा नीट केला आणि एकशे त्रेचाळीसाव्या पानावरच्या सहा ओळी वाचल्या. बायकांना जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो, गळून जायला होतं, छातीत दुखेलच असं नाही. थांबू नका, असं शेवटी होतं.

"मंगळवारी आम्ही बाजारातून आलो. दुसऱ्या मजल्यावर ती कठडा धरून उभी राहिली. एक हात गालावर. मला हे पान आठवलं. अगदी आठवलं. मी म्हणालो, 'अगं, त्या पुस्तकात लिहिलंय की...' तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, 'एक अक्षर बोलू नका, मला चिवडा आणायला लावाल.' आणि हसली. मग मीही हसलो. म्हटलं, जाऊ दे, दाढच असेल. गुरुवारची वेळ घेतलीच आहे."



"काका, हा नियम मी केला," योगिनी म्हणाली.

"नियम चिवड्याचा होता, बाई. बायकोचा जीव जात असताना पाळायचा नव्हता."

साळूबाई पदरानं तोंड पुसत होत्या. "निकम भाऊ, सोमवारी तिचा मला फोन आला होता. दाढ ठणकते म्हणाली. मी म्हटलं, लवंग धर. मी, छत्तीस वर्षांची नर्स. आणि हे पान मी तीन महिन्यांपूर्वी वाचलं होतं."

बहिरूआण्णा खाली बघत म्हणाले, "आपण वाचतो कशाला मग?"

साळूबाईंनी यादवरावांना विचारलं, "पोरीला सांगितलं का हे?"

"नाही."

"ती त्या डॉक्टरणीवर तक्रार करतेय म्हणे. कॉलनीत बोलतात."

"करतेय."

"मग सांगा. आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही तुमच्यापेक्षा वेगळे आहोत का?"

यादवरावांनी पुस्तक योगिनीच्या हातात दिलं आणि उठले. घरी जाताना त्यांनी मुद्दाम दवाखान्याच्या रस्त्यानं पाय वळवले. काचेतून बाक दिसत होता, रिकामा. एरवी शनिवारी संध्याकाळी तिथं बसायला जागा मिळत नसे. कॉलनीत बोलतात, साळूबाई म्हणाल्या ते खरंच होतं. डॉक्टरीण टेबलाशी एकटी बसली होती. ते आत गेले नाहीत.

सात वाजता हर्षालीचा फोन आला. "बाबा, अर्ज मिळाला ना? सही करून फोटो पाठवा. सोमवारी द्यायचाय."

"हर्षू, त्या पोरीची एकटीची चूक नसेल."

"मग कुणाची? आईची? आईनं अंगावर काढलं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कसं? बोला ना, बाबा."

ती थांबली. कधी नव्हे ती ऐकायला थांबली. यादवरावांना तिचा श्वास ऐकू येत होता. आईला उचलल्यानंतर ती दोन दिवस त्यांच्या खांद्याला धरून बसली होती. आता तिला आई नव्हती, बापच तेवढा होता. आणि हे कळल्यावर तो तरी राहील का, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"उद्या बोलू," ते म्हणाले.

"उद्या नक्की?"

"नक्की."

या गोष्टीला आता नऊ दिवस झाले. सोमवार उलटून गेला, दुसराही आला. हर्षाली रोज फोन करते आणि ते रोज काहीतरी कारण सांगतात. अर्ज टेबलावर आहे. त्यावर सही केलेली नाही, तो फाडलेलाही नाही. डॉक्टरणीला जाऊन भेटायचं राहिलं आहे. आणि मंगळवारी जिन्यात काय झालं, ते हर्षालीला अजून सांगितलेलं नाही.