कुणाला शिकवलं?

कुलूपवाल्याने साखळी न काढताच दार उघडलं. फटीतून एक तरुण बाई दिसली. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, काखेत जाड फाइल.

"चिंगीचे आजोबा ना? मी मुलांची डॉक्टर. वॉर्डात भेटलो होतो."

"पोर बरी आहे. आम्ही कुणाला बोलावलं नाही."

शेजारणीने कालच कान भरले होते, "गोड बोलत येतात, मग लिहितात, म्हाताऱ्याला पोर झेपत नाही. की गेली पोर संस्थेत!" चिंगीची आई दूरगावी कामाला, बापाचा पत्ता नाही, आणि आजी जाऊन चार महिने झालेले. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत पोर तीनदा दम लागून भरती झाली होती. शेजारीण काही खोटं बोलत नसावी.

"आमचं नवं शिक्षण आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसतं तपासायचं नाही. गरिबाघरची पोरं पुन्हा पुन्हा का भरती होतात, ते घरी जाऊन शोधायचं आणि दवाखान्याची चूक असेल तर ती सुधारायला लावायची."

दवाखाना स्वतःची चूक शोधतोय! त्याला हसू आलं. पण दार लावलं तर तेही लिहितील. त्याने साखळी काढली.

बाईंनी भिंतीची ओल पाहिली, चिंगीची गादी पाहिली. तो मागेमागे, चोरावर नजर ठेवावी तसा.

"दम्याचा पंप कोण देतं?"

"मीच. सकाळ-संध्याकाळ दोन फवारे. एकदाही चुकलं नाही, हो ना गं?"

"मी झोपले असले तर उठवून देतात," चिंगीने चुगली केली.

बाईंनी पंप उलटा केला. पाठीमागे उरलेले फवारे दाखवणारी नखाएवढी खिडकी होती, तिच्यात शून्य.

"आजोबा, हा कधीचा संपलाय."

"फुस्स होतंय की अजून!"

"ती नुसती हवा. औषध संपलं."

त्याने पंप घेऊन ती खिडकी डोळ्यांजवळ धरली. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली आणि ही खिडकी दिसली नाही. संपलंच सगळं. आता लिहिणार.

त्या खरंच लिहायला लागल्या. त्याने मान उंचावून पाहिलं. फाइलमध्ये छापलेलं होतं, 'घरच्यांना पंप शिकवला', पुढे बरोबरची खूण, खाली सही. सही त्याने लांबूनच ओळखली. शेवटचं अक्षर नेहमीसारखं ओळीखाली घसरलेलं.

"ही तर हिची. चिंगीच्या आजीची."

"हो. तीनही वेळा ही जुनी खूण बघून आम्ही पुढे गेलो. तुम्हाला कुणी शिकवलंच नाही." बाईंनी खुणेवर काट मारली. सहीला हात लावला नाही. "सोमवारी आमच्या वर्गात याल? नव्या डॉक्टरांना हे सांगायला."

"म्हाताऱ्याला हसायला?"

"मी सांगितलं तर वहीत उतरवतील. तुम्ही सांगितलं तर हादरतील. हादरायलाच हवेत."

त्याने चिंगीला जवळ ओढलं.

"पोर माझ्याकडेच राहील?"

"राहील."

"तोंडी नको. लिहा."

बाईंनी लिहून सही केली. त्याने बोट फिरवत दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आता नवा पंप दाखवा," तो म्हणाला. "आणि सगळ्या खिडक्या दाखवा."