कड्यावर राहिलेली पायरी

मी एक पायरी बोलतेय. पायरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मोठा जिना आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी कुठल्याही जिन्याची नाही. मी सुटी आहे, आणि सहलीच्या एका बसच्या दाराशी माझी सगळी हयात गेली. बस थांबली की मला खाली ठेवायचं, लोक चढले की उचलून आत टाकायचं. ‘आपल्या पायरीनं राहा’ असं माणसं एकमेकांना ऐकवतात, ते मी किती वेळा ऐकलं असेल! ज्यांना माझ्यावरून धड उतरता येत नाही, तेच हे जास्त बोलतात.

माझा जन्म झाला तो एका फजितीतून. बस जुनी, तिचं दार जमिनीपासून चांगलंच उंच. आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते दाराखाली फळांचं रिकामं खोकं ठेवायचे. एकदा एका धिप्पाड गृहस्थांचा पाय खोक्यातून आरपार गेला आणि ते खोक्यासकट चार पावलं चालले. सगळी बस हसली, गृहस्थ सोडून. त्याच संध्याकाळी मामांनी सुतारकाम करणाऱ्या मेव्हण्याचं दार ठोठावलं.

मेव्हण्याकडे एका पलंगाचे पाय उरले होते आणि एका कपाटाची फळी. त्यातून मी झाले. म्हणजे पलंग होता होता राहिले आणि कपाट होता होताही राहिले. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटे. पलंगावर माणसं निवांत झोपतात, कपाटात चांगले कपडे ठेवतात, आणि माझ्यावर? चिखलाचे बूट! मामांनी माझ्यावर उभं राहून दोन-तीन उड्या मारल्या, मी कुरकुरले नाही. मग त्यांनी वरून रबराचा तुकडा ठोकला, उचलायला दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झाले.

आमची सहल एका दिवसाची. सकाळी शहरातून निघायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं जायचं. आधी दीपगृह, मग वाळूचा किनारा, मग उंच कडा, शेवटी मासेमारीचं छोटं बंदर, आणि दिवेलागणीला परत. लोक समुद्र बघायचे, मी लोकांची पावलं बघायची. सकाळी उतरणारी पावलं घाईची असतात. दुपारी तीच पावलं ओली, वाळूनं माखलेली आणि शहाणी होऊन परत येतात. नवे बूट घालून सहलीला येणारे दुसऱ्या थांब्यापासूनच लंगडतात. काही पुरुष पोट आत ओढून मला ओलांडून थेट खाली उडी मारतात आणि बायकोनं बघितलं का, ते बघतात. बायकोनं कधीच बघितलेलं नसतं.

आमचा गाईड मात्र भला माणूस. बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा बसलेला होता. तो माणसं मोजायचा नाही. मोजताना लोक जागा बदलतात, मध्येच गप्पा मारतात, आणि त्याचा हिशोब चुकतो, असं तो म्हणे. म्हणून त्यानं स्वतःची युक्ती काढली होती. बस सुटण्याआधी तो ओरडायचा, “शेजारी आहे का?” आणि सगळी बस एका सुरात ओरडायची, “आहे!” लोकांना यात फार मजा वाटे. या युक्तीनं कधी कोणी मागे राहिलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी दोघी बहिणी आल्या होत्या. दोघींचेही केस पांढरे, दोघींच्याही पर्स सारख्याच. थोरली अंगानं भरदार, आवाज खणखणीत. धाकटी किडकिडीत, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. थोरली तिला अजूनही ‘छोटी’च म्हणायची. छोटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि तेव्हापासून ती थोरलीकडेच राहत होती.

दीपगृहापाशी थोरली माझ्यावरून मामांचा हात धरून उतरली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मामा, आमच्या छोटीला नीट धरा हो. तिचा गुडघा कामातून गेलाय.”

झालं! धाकटी दारातच थांबली. “माझा गुडघा माझा आहे. गावभर दवंडी पिटायची काही गरज नाही.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच...”

“माझं भलं मला कळतं. सकाळपासून बघतेय. खिडकी लाव, शाल घे, जपून चाल! आजपासून तुझी जागा वेगळी, माझी वेगळी.”

असं म्हणून तिनं दाराचा दांडा धरला, मला टाळून कशीबशी खाली उतरली आणि वेदनेनं ओठ चावला. परत चढल्यावर ती थेट शेवटच्या लांब बाकावर जाऊन बसली. तिथं लोकांच्या पिशव्या आणि कोट टाकलेले होते. थोरली पुढच्या सीटवर एकटीच राहिली. दोघींचा अबोला सुरू झाला. वाळूच्या किनाऱ्यावरही धाकटीनं मला पाय लावला नाही. मी काय घोडं मारलं होतं तिचं?

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं. खाली समुद्र निळाशार पसरलेला. चहाची टपरी बंद होती, तेवढंच काय ते उणं. गाईडनं बजावलं, “इथं धुकं कधी येईल सांगता येत नाही. शिट्टी वाजली की लगेच परत फिरायचं.”

आणि धुकं आलंच. समुद्रावरून आलं आणि बघता बघता कठडा दिसेनासा झाला. गाईडनं शिट्टी वाजवली, पण वारा उलटा होता. लोक घाईघाईनं चढले. तेवढ्यात मागून एक ट्रक आला. रस्ता अरुंद, बस मध्येच उभी, ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना.

“शेजारी आहे का?” गाईड ओरडला.

“आहे!”

त्यानं थोरलीकडे बघितलं. “मावशी, तुमच्या बहीणबाई?”

थोरलीनं मान वळवली नाही. रागात होती ना! “आहे मागे,” एवढंच म्हणाली.

मामांनी गडबडीत गाडी काढली. दार मलाच लागलं असतं, इतकं जवळून गेलं. दिवे धुक्यात विरघळले आणि मी रस्त्याच्या कडेला एकटी उरले. मामांनी पायरी सोडली! एवढ्या सालस माणसानं! मला आधी राग आला, मग रडू आलं.

थोड्या वेळानं खालच्या पायवाटेवरून पावलं ऐकू आली. एक पाऊल टेकत होतं, दुसरं ओढलं जात होतं. मी ओळखलं. धाकटी! टपरीच्या मागून खाली जाणाऱ्या वाटेवर एक बाक होता, तिथं ती कुणीही ‘जपून’ म्हणणार नाही म्हणून जाऊन बसली होती. वर येताना गुडघा धरला आणि तिला वेळ लागला.

रिकाम्या रस्त्याकडे ती बघतच राहिली. “अहो! मामा! गाईड!” तिनं हाका मारल्या. धुक्यात आवाजही फार लांब जात नाही. मग तिला मी दिसले.

“तुलाही टाकून गेले होय?” ती म्हणाली, आणि माझ्यावर बसली.

सकाळपासून पहिल्यांदाच ती मला टेकली होती. केवढी थरथरत होती!

“येईल ताई,” ती स्वतःशीच म्हणाली. “तिला कळल्याशिवाय राहतंय का? मी शिंकले तरी तिला शेजारच्या खोलीत कळतं. पण आता कसं कळेल? मीच मागे जाऊन बसले.” पुन्हा थोड्या वेळानं, “फोन पण तिच्याच पर्समध्ये. ‘तू हरवशील’ म्हणून काढून घेतलाय. घे, हरवले.”

तिला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. शाल बसमध्ये राहिलेली. वारा अंगाला झोंबत होता. माझे पाय पलंगाचे, एका जागी उभं राहायचे. धावता येत असतं तर त्या वेळी मी सगळा घाट धावत उतरले असते.

आता बसमध्ये काय झालं ते ऐका. मी तिथं नव्हते, पण मामांनी हे पुढे इतक्या जणांना सांगितलं की माझं पाठ झालंय. बस बंदरावर पोचली. मामांनी सवयीनं दाराशी हात घातला, तर हाताला काहीच लागलं नाही.

“पायरी वरच राहिली!”

“राहू दे हो,” टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले. “मारू उड्या. परतताना घेऊ. आधीच उशीर झालाय.”

गाईडही तेच म्हणाला. लोक उड्या मारायला दाराशी जमले. थोरली मात्र दार अडवून उभी राहिली. खाली बघितलं, जमीन केवढी लांब!

“आमच्या छोटीला जमायचं नाही,” ती म्हणाली. “पायरी आणल्याशिवाय ती उतरणार नाही.”

“मावशी, त्यांना आम्ही धरू.”

“धरू म्हणजे? ऑपरेशन झालंय तिच्या गुडघ्याचं.” आणि तिनं सकाळपासूनचा अबोला मोडून, मागे न बघताच हाक मारली, “छोटे, तू जागची हलू नकोस. उडीबिडी मारायची नाही, सांगून ठेवते!”

उत्तर नाही.

“रुसलीस तर रूस, पण हो म्हण!”

मागच्या एका बाईंनी वळून बघितलं. पिशव्या होत्या, कोट होते, शाल होती. छोटी नव्हती.

मामा म्हणतात, थोरलीचा चेहरा त्यांना आजही आठवतो. ती ओरडली नाही. तिनं फक्त ती शाल उचलून घेतली आणि म्हणाली, “गाडी फिरवा.” घाटातून वर येईपर्यंत ती खाली बसली नाही. दाराचा दांडा धरून, काचेला नाक लावून उभी राहिली. टोपीवाल्यांनी घड्याळाकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिला बघून मिटलं.

मला आधी हॉर्न ऐकू आला, मग दिवे दिसले. धाकटी ताडकन उठली. मग तिनं घाईनं डोळे पुसले, केस नीट केले आणि पुन्हा माझ्यावर ऐटीत बसली, जणू बसस्टॉपवरच बसली होती.

बस पुरती थांबायच्या आत दार उघडलं. आणि माझ्याशिवाय, मामांच्या हाताशिवाय आयुष्यात कधी न उतरलेली ती भरदार थोरली सरळ खाली उडी मारून आली! मामांच्या तोंडून “अहो!” निघालं. ती भेलकांडली, सावरली, आणि आली ती गरजतच.

“कुठं गेली होतीस? अं? सांगून जाता येत नाही?”

“सांगणार कशी? आपण बोलत नव्हतो ना!”

शाल बहिणीच्या अंगावर टाकत थोरली म्हणाली, “मी मागे बघितलंच नाही गं. तो विचारत होता आणि मी तशीच म्हणाले, आहे म्हणून. नुसती मान वळवायची होती मला.”

धाकटीनं बाजूला सरकून जागा केली. मी एकीपुरतीच, तरी दोघी बसल्या. मी कुरकुरले, पण ती कुरकुर वेगळी होती. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि तेही दोघींचं ओझं अंगावर असताना!

“मी अजून बोलत नाहीये तुझ्याशी,” धाकटी नाक पुसत म्हणाली.

“नको बोलूस. पण माझ्या शेजारी बसून नको बोलूस.”

गाईड रस्त्याच्या कडेला खालीच बसला आणि नुसता “बरं झालं, बरं झालं” म्हणत राहिला. टोपीवाल्यांनी थर्मास उघडून धाकटीला चहा दिला, वर म्हणाले, “सावकाश घ्या, आपल्याला कसली घाई?” मामांनी मला बसच्या दाराशी ठेवलं. थोरलीनं बहिणीचं कोपर धरायला हात पुढे केला, मग काय आठवलं कोण जाणे, तो मागे घेतला. धाकटीनं तो ओढून धरला आणि माझ्यावर पूर्ण पाऊल टेकवून वर चढली.

त्या दिवसापासून गाईड शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचा आणि एकेका चेहऱ्याकडे बघून परत यायचा. त्या दिवशी धुकं नंतर विरलं. बंदरावर उशिरा पोचलो, पण होड्या परत येताना दिसल्या आणि पाण्यावर मावळतीचं ऊन होतं. सगळ्यांनी म्हणे फार छान फोटो काढले.

आता नवी बस आली आहे. बटण दाबलं की तिची पायरी आपोआप बाहेर येते आणि आपोआप आत जाते. ती कुठं राहून जायची भीती नाही. मामाही निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. मामी माझ्यावर उभ्या राहून वरच्या फळीवरचे डबे काढतात, मामा माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधतात. घरात ऊन येतं. कुणाच्या परतण्याची वाट बघावी लागत नाही. या वयात आणखी काय हवं?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी रुसून पलीकडच्या खोलीत जाऊन बसलं असेल. बोलू नका हवं तर. फक्त ते माणूस तिथं आहे ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्या. मला मान नाही, दोन्ही अर्थांनी नाही. तुम्हाला आहे. जरा वळवा.