भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

पद्मनाभांनी फूल कानाशी धरून हलकेच दाबले. ते कागदासारखे कुरकुरले, बोटांना पिवळी पूड लागली. तोडणीचा दिवस ठरला. बिअरला कडवटपणा देणारी ही हॉपची वेल, आणि ती तयार झाल्याचा निवाडा करणाऱ्या या गृहस्थांनी अठ्ठावन्न वर्षांत बिअरचा थेंबही चाखलेला नव्हता. विद्वत्तेला अनुभवाची अडचण नसते, हे विद्यापीठातल्या नोकरीने त्यांना शिकवले होते.

सिंगापूरला हिवाळा नाही आणि ही वेल हिवाळ्यात निजल्याशिवाय नीट फुलत नाही. म्हणून तंत्रज्ञ पद्मनाभ सहा वर्षे तिला प्रयोगशाळेच्या थंड खोलीत निजवत, मग दिव्यांखाली लांबलचक दिवस दाखवत. आता निधी संपला होता. प्रकल्पप्रमुख रवींद्र, पद्मनाभांसारखाच पुण्याचा, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, फुलांच्या परडीसोबत छायाचित्र काढून घ्यायला आला. परडी कुणी भरली ते छायाचित्रात येत नाही. या कलेची ती सोयच आहे.

वेलींचे पुढे काय, असे पद्मनाभांनी विचारले.

"पद्मनाभराव, फुलं मिळाली ना? बाकीचं सोमवारी जाळायला जाईल."

"सगळ्यांत जुनी मी नेऊ?"

"न्या की. पण या हवेत महिन्याभरात कुजेल."

पद्मनाभांनी वेल वीतभर ठेवून छाटली, मनगटाएवढ्या मुळांचा गड्डा मातीसकट उकरला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एमआरटीच्या गाडीने सेंगकांगच्या फ्लॅटवर आणला. घरी पत्नी वसुधाबाईंच्या देखत फ्रिजमधला भाजीचा कप्पा रिकामा झाला.

"कोथिंबीर कुठे ठेवू?"

"दोनच महिने. हिवाळा आलाय, असं तिला वाटलं पाहिजे."

"आणि मला काय वाटलं पाहिजे?"

वसुधाबाई रोज ताजी जुडी आणू लागल्या. एका शनिवारी गड्ड्यावर काळा डाग दिसला. पद्मनाभांनी तो स्वयंपाकाच्या सुरीने कापून काढला. ती सुरी वसुधाबाईंनी कायमची वेगळी ठेवली.

दोन महिन्यांनी गड्डा दारापुढच्या कॉरिडॉरमध्ये कुंडीत गेला. तिथला दिवा रात्रभर जळतो. लांब दिवसाची व्यवस्था आयतीच झाली. तीन आठवडे काही उगवले नाही. त्याच सुमारास विद्यापीठाची गुळगुळीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर परडी, रवींद्र आणि खाली 'आमच्या हातचं पीक'. पद्मनाभांनी ती शांतपणे वाचली. कागद उत्तम होता. ती कुंडीखाली बसली.

मग एके सकाळी तांबूस कोंब वर आला. हातभर झाल्यावर वसुधाबाईंनी हौसेने दोरी बांधून तो तिच्याभोवती गुंडाळला. दुसऱ्या दिवशी तो सुटून लोंबत होता.

"मला हातगुणच नाही," त्या म्हणाल्या.

"हाताचं नाही, दिशेचं चुकलं. देवळात प्रदक्षिणा घालतेस ना? तशी फिरव."

वसुधाबाईंनी फिरवला. कोंबाने दोरी धरली.

पद्मनाभांनी पाणी घातले. ते झिरपून मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर साचले. त्यांनी कुंडी कलती केली, पंच्याच्या टोकाने तो चेहरा नीट पुसला आणि कुंडी पुन्हा होती तिथेच ठेवली.