बिनसाखरेचा चहा

चहा पुढे ठेवला आणि बाकूहून आलेल्या पाहुण्यांचे चेहरेच उतरले. तुर्गुतचे काका तर पेल्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यात झुरळ घातलंय.

मला घाम फुटला. माझ्या मुलीला, दार्ताला, तुर्गुतसाठी मागणी घालायला ही माणसं एवढ्या लांबून लाटव्हियात, आमच्या कुल्डीगाला आलेली. मी दिला आमचा नेहमीचा लिंडेनच्या फुलांचा चहा. साखरेचं भांडं बाजूला. हवी त्यानं घ्यावी.

दार्तानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, काय केलंस! त्यांच्यात मुलीकडच्यांनी साखर घालून चहा दिला तर होकार. साखर वेगळी ठेवली तर नकार!"

"मग आधी नाही सांगायचं?"

"मला कुठे माहीत होतं? तुर्गुत आत्ता कानात कुजबुजला. रडायच्या बेतात आहे बिचारा. जा, घाल साखर."

चमचा घेतला, पण पाय उचलेना. खरं तर नकार माझ्या पोटात होताच. ही दोघं बाकूला राहणार. आमची लाटव्हियन कशी, सकाळी मोटारीनं निघालात तर जेवणाच्या वेळेपर्यंत संपते. त्यांची अझरबैजानी एक देश भरून वर इराणात, जॉर्जियात सांडलेली. तिथे आमच्या ओंजळभर भाषेला कोण विचारतो? नातवंडं मला हाक तरी कशात मारतील?

बाहेर येऊन मी तेच विचारलं. बोलणं रशियनमध्ये. ती माझी आणि तुर्गुतच्या आईची सारखीच मोडकी, दोघींच्याही माथी सोव्हिएत काळातल्या शाळेनं मारलेली.

"मेहपारेबाई, तुमच्या घरात माझी भाषा जगेल का? तुमची बोलणारे कोट्यवधी."

"घ्या! मुलगी मागायला आलो, तर भूगोलाचा पेपर," काका पुटपुटले.

मेहपारेबाईंनी त्यांना नजरेनंच गप्प केलं. "माझी मावशी इराणात, तबरीझला असते. तिथे गल्लीगल्लीत आमचीच भाषा, पण शाळेत फारसी. मावशी फोनवर तासभर बोलते, आणि माझी चार ओळींची चिठ्ठी तिला वाचता येत नाही. लिपीच वेगळी. कोट्यवधींचं काय घेऊन बसलात, ताई? पोरं कुठल्या भाषेत हट्ट करतील, ते आई त्यांच्याशी कशात बोलते त्यावर असतं. मी कसलं वचन देऊ?"

मेहपारेबाई खोटं वचन देऊन मोकळ्या झाल्या असत्या, तर बहुधा मी नाहीच म्हटलं असतं. मी प्रत्येकाच्या पेल्यात साखर घातली, ढवळली. काकांनी एका घोटात पेला संपवला आणि तुर्गुतच्या पाठीत असा दणका दिला की तो ठसकला.

त्या गलक्यात मी दार्ताला आमच्या भाषेत हळूच विचारलं, "बोलशील ना गं पोरांशी?"

"बोलेन की, आई," ती हसून म्हणाली. रशियनमध्ये.

सगळ्यांना कळावं म्हणून म्हणाली असेल. तेवढ्यासाठीच असणार.